शेजाऱ्यांचे युद्ध आणि तटस्थ राष्ट्र

गावात दोन घरांमध्ये बांधावरून तंटा जुंपला, की तिसऱ्या घराची मोठी पंचाईत होते. एक पक्ष म्हणतो, "तुम्ही आमच्या बाजूने साक्ष द्या." दुसरा म्हणतो, "साक्ष देऊ नका, निदान गप्प तरी बसा." तो बिचारा दोघांस हात जोडून म्हणतो, "बाबांनो, तुमचे तुम्ही पाहून घ्या. मला माझी पेरणी उरकावयाची आहे." ह्या माणसास कोणी शहाणा म्हणतात, कोणी भित्रा म्हणतात. परंतु त्याची खरी कसोटी ह्या वेळी लागत नाही. ज्या रात्री एक पक्ष काठ्या-कुऱ्हाडी घेऊन त्याच्या दारी येतो आणि म्हणतो, "आमचे तुझ्याशी काही वैर नाही, तुझ्या शेतातून पलीकडे जावयास वाट मात्र दे," त्या रात्री ती लागते.

राष्ट्रांचेही असेच आहे. दोन राष्ट्रे लढत असता तिसऱ्याने कोणासही न मिळता आपल्या जागी राहणे, ह्यास तटस्थता म्हणतात. युरोपच्या उत्तरेस स्वीडन नावाचा देश आहे. त्याचे अखेरचे युद्ध १८१४ साली झाले. पुढे दोन महायुद्धे त्याच्या दाराशी पेटली, तरी तो कोणाच्याही बाजूने रणात उतरला नाही. त्याच देशाने ७ मार्च २०२४ रोजी नाटो ह्या लष्करी करारसंघात प्रवेश केला. म्हणजे संघातील एकावर हल्ला झाला असता तो सर्वांवर झाला असे समजावे, ह्या वचनाने स्वतःस बांधून घेतले. तेव्हा प्रश्न असा उत्पन्न होतो की, दोनशे वर्षे हे लोक शहाणे होते व आता त्यांची बुद्धी फिरली, की दोनशे वर्षे ते भित्रे होते व आता त्यांस धैर्य आले? आम्हांस ही दोन्ही म्हणणी उथळ वाटतात. राष्ट्र तटस्थ का होते व तटस्थता का टाकते, हे पाहावयाचे तर त्याने वाट मागणाऱ्यास काय उत्तर दिले, हे पाहिले पाहिजे.

शास्त्र वाचणाऱ्यांस ही गोष्ट नवी नाही. मिसर देशातून निघालेल्या इस्राएल लोकांनी अदोमाच्या राजाकडे त्याच्या मुलुखातून वाट मागितली. शेतात शिरणार नाही, विहिरीचे पाणीही पिणार नाही, असे वचन दिले. तरी त्याने फौज पुढे केली, आणि इस्राएल लोक वळसा घालून गेले. त्या प्रसंगी आपला मुलूख राखण्याचा अदोमाचा हक्क किती, ह्यावर वाद घालता येईल. परंतु पुढे यरुशलेमेची लूट झाली तेव्हा तोच अदोम दूर उभा राहिला, आणि ओबद्या संदेष्ट्याने त्या दूर उभे राहण्याचाच दोष त्याच्या पदरी घातला. वाट न देणे व दूर उभे राहणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे येथे लक्षात ठेवावे.

तटस्थता ही नुसती इच्छा नव्हे. तिला कायदा आहे. १९०७ साली हेग शहरी राष्ट्रांनी जे करार केले, त्यांत असे ठरले की लढणाऱ्या राष्ट्राने तटस्थाच्या भूमीवरून सैन्य नेऊ नये, आणि तटस्थानेही ते जाऊ देऊ नये. तटस्थाने ते बळाने अडविले तरी त्याने वैर केले असे समजू नये. म्हणजे तटस्थ राष्ट्रास हक्क आहेत तशी कर्तव्येही आहेत. मौज अशी की व्यापारास मात्र हा कायदा फारसा अडवीत नाही. शिपाई जाऊ देणे निषिद्ध, परंतु ज्या लोखंडाची तोफ होते ते विकण्यास तेवढी बंदी नाही. ह्या फटीतून पुष्कळ पाणी वाहून गेले आहे, हे पुढे दिसेलच.

बेल्जम हा लहानसा देश १८३९ च्या लंडन येथील कराराने तटस्थ ठरला. ही तटस्थता त्याने एकट्याने पत्करलेली नव्हती. मोठ्या राष्ट्रांनी आपापसांतील भांडणे टळावीत म्हणून ती त्याजवर ठेवली, आणि तिच्या रक्षणाची हमी दिली. हमी देणाऱ्यांत प्रशियाही होता. त्याच प्रशियाच्या नेतृत्वाखाली पुढे एक झालेल्या जर्मनीने २ ऑगस्ट १९१४ रोजी संध्याकाळी बेल्जमकडे पत्र पाठविले की, फ्रान्सवर जाण्यास आमच्या सैन्यास वाट द्या. उत्तरास बारा तास. राजा आल्बर्ट व त्याचे मंत्री रात्रभर बसले आणि सकाळी त्यांनी नकार दिला. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य सीमेवरून आत आले. त्या महिन्यात लूव्हां येथील विद्यापीठाचे जुने ग्रंथालय जळाले, आणि गावोगावी मिळून पाच हजारांहून अधिक निःशस्त्र माणसे मारली गेली. त्या शरद ऋतूत ईप्र शहराच्या आसपास जे सैन्य उभे राहिले त्यांत हिंदी पलटणीही होत्या. तेथील मेनिन दरवाजावर हिंदी शिपायांची नावे आजही कोरलेली आहेत. बेल्जमने वाट नाकारली हे आम्हांस वंदनीय वाटते. परंतु त्या नकाराचे मोल राजवाड्याने एकट्याने दिले नाही. ते खेड्यांनी दिले.

युद्ध संपल्यावर बेल्जमने तटस्थता टाकून १९२० साली फ्रान्सशी लष्करी करार केला. १९३६ साली राजा लिओपोल्डने पुन्हा कोणाशीही न बांधता राहण्याचे धोरण धरले, आणि १० मे १९४० रोजी तो देश पुन्हा तुडविला गेला. मग १९४९ साली तो नाटोत गेला. एकच राष्ट्र शंभराहून थोड्या अधिक वर्षांत तटस्थ झाले, फिरले, पुन्हा तटस्थ झाले व पुन्हा फिरले. ह्या फेऱ्यांत धर्मबुद्धी बदलली असे कोणी म्हणणार नाही. बदलला तो भरवसा.

आता स्वीडनकडे वळू. एके काळी हे राष्ट्र मोठे लढवय्ये होते. गस्टाव्हस अडॉल्फस राजा १६३२ साली ल्युट्झेनच्या रणांगणी पडला, हे मंडळीच्या इतिहासाचे वाचन करणाऱ्यांस ठाऊक असेल. पुढे बाराव्या चार्लसने १७०९ साली पोल्टाव्हा येथे रशियाकडून पराभव घेतला, तेथून ओहोटी लागली. १८०९ साली फिनलंड हातचे गेले. राज्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा रशियाने घेतला. दुसऱ्याच वर्षी स्वीडिश लोकांनी बर्नाडोट नावाच्या एका फ्रेंच सेनापतीस युवराज निवडले. सर्वांस वाटले की हा शूर पुरुष फिनलंड परत जिंकून आणील. त्याने तसे केले नाही. फिनलंड घेतले तरी राखता येणार नाही, रशियाशी नित्याचे वैर मात्र पदरी येईल, हे त्याने ओळखले. नॉर्वे मिळवून तो थांबला, आणि राजा झाल्यावर १८३४ साली इंग्लंड व रशिया ह्यांच्यात तेढ वाढली असता, आम्ही कोणाच्याही बाजूस नाही, असे दोघांसही कळविले. स्वीडनच्या तटस्थतेचे मूळ हे असे आहे. ती शांततेच्या प्रेमातून उगवली नाही; हरलेल्या माणसाने आपले उरलेले बिऱ्हाड सांभाळावे, तशी ती धरली गेली. परंतु प्रथम निरुपायाने धरलेली गोष्ट पुढे चालीरीत होते, आणि चालीरीतीचा मग अभिमान वाटू लागतो. आपण इतरांपेक्षा सज्जन आहो म्हणून लढत नाही, असे स्वीडिश लोकांस हळूहळू वाटू लागले. आम्हांस हा अभिमान त्या देशाच्या इतिहासातील सर्वांत नाजूक जागा वाटते.

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत रशियाने फिनलंडवर स्वारी केली. फिनलंड म्हणजे स्वीडनचा सहाशे वर्षांचा भाऊ. "फिनलंडचे काम ते आपलेच काम," अशी भावना स्वीडनभर पसरली. सुमारे आठ हजार स्वयंसेवक गेले, तोफा व बंदुका गेल्या, पैसे गेले. परंतु सरकारने आपली फौज पाठविली नाही. इंग्लंड-फ्रान्सने फिनलंडच्या मदतीच्या नावाने सैन्यास वाट मागितली, तीही दिली नाही. ह्या मागणीत कळवळा होता तसा स्वीडनच्या लोखंडाच्या खाणींवर डोळाही होता, हे सांगितले पाहिजे. मार्च १९४० मध्ये फिनलंडला मुलूख देऊन तह करावा लागला. पुढच्याच महिन्यात, ९ एप्रिलला, जर्मनीने डेन्मार्क व नॉर्वे ह्या दोन तटस्थ देशांवर झडप घातली. नॉर्वेत लढाई चालू होती तोवर स्वीडनने जर्मन शिपायांची वाट बहुतेक रोखून धरली. नॉर्वे पडल्यावर जुलैमध्ये मात्र करार झाला की, रजेवर जाणारे-येणारे जर्मन सैनिक स्वीडनच्या आगगाड्यांतून जातील. १९४३ पर्यंत अशा वीस लाखांवर फेऱ्या झाल्या. आणि २२ जून १९४१ रोजी, जर्मनीने रशियावर स्वारी केली त्याच दिवशी, नॉर्वेतून फिनलंडकडे एक सबंध डिव्हिजन, सुमारे पंधरा हजार हत्यारबंद सैनिक, नेऊ देण्याची मागणी आली.

पंतप्रधान पेर आल्बिन हान्सोन ह्यांच्या मंत्रिमंडळात सर्व मोठे पक्ष होते. तीन दिवस वाद झाला. वृद्ध राजा गुस्ताव्ह मान्य करावे ह्या मताचा होता. शेवटी वाट दिली गेली. ते सैन्य आगगाडीने देश ओलांडून गेले, आणि हेगच्या करारात जे स्पष्ट शब्दांत मना केले आहे ते घडले. पुढे तशीच दुसरी मागणी आली ती मात्र नाकारली गेली. लोखंडाचा धातुपाषाण दरसाल लाखो टनांनी जर्मनीस जातच होता. त्यास कायद्याची आडकाठी नव्हती.

हे पाप होते काय? आम्ही ह्यावर पुष्कळ विचार केला, आणि उत्तर देणे वाटते तेवढे सोपे नाही. एखाद्या बंधूस कोणी म्हटले, "शेजाऱ्याच्या खुनास साहाय्य कर, नाही तर तुला मारू," तर त्याने मरण पत्करावे, असे आम्ही निःशंक सांगू. कारण तो जे देतो ते त्याचे स्वतःचे आहे. परंतु राज्यकर्ता जे देतो ते त्याचे नसते. त्या वेळी स्वीडनात सुमारे ६४ लाख लोक होते. नकार देऊन हान्सोनसाहेब स्वतः शूर ठरले असते, आणि त्या शौर्याची किंमत पाळण्यातील मुलांनी भरली असती. दुसऱ्याच्या पदराने दानशूर होणे ही काही मोठी नीती नव्हे. हे सर्व खरे मानले तरी एक गोष्ट उरते. वाट दिली त्याचीही किंमत कोणी तरी भरलीच. ज्या सैनिकांची रजा स्वीडनच्या आगगाडीमुळे सुखाची झाली, तेच परत जाऊन नॉर्वेच्या मानेवर बसत होते. स्वीडिश मुलांचे रक्षण झाले ते काही अंशी नॉर्वेजियन मुलांच्या खर्चाने झाले. तेव्हा आम्ही त्या मंत्र्यांस खुनी म्हणत नाही; परंतु आमचे हात स्वच्छ राहिले असे जे पुढे पुष्कळ वर्षे म्हणत राहिले, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. निरुपायाने केलेले काम निरुपायाचे म्हणून सांगावे. त्यास सज्जनपणाचे नाव देऊ नये.

इतके बोलून त्या देशाचा निरोप घेतला तर अन्याय होईल. ऑगस्ट १९४३ मध्ये स्वीडनने तो रजेचा करार मोडला. तोवर स्टालिनग्राडपाशी जर्मनीचे कंबरडे मोडले होते, म्हणजे धैर्य धोका उतरल्यावर आले, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कमधील यहूदी लोकांस धरून नेण्याचा हुकूम सुटला, तेव्हा स्वीडनने उघड जाहीर केले की आम्ही सर्वांस आश्रय देऊ. दोन्ही देशांमधील सामुद्रधुनी एके ठिकाणी जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे. कोळ्यांनी आपल्या होड्यांतून रात्री माणसे पार नेली. सात हजारांहून अधिक जीव वाचले. पलीकडचा किनारा तटस्थ नसता, तोही जर्मनांच्या ताब्यात असता, तर त्या होड्या कोठे लागल्या असत्या? जुलै १९४४ मध्ये राऊल वॉलेनबर्ग हा स्वीडिश वकिलातीचा सचिव म्हणून बुडापेस्टला गेला. त्याने संरक्षणाचे दाखले वाटून हजारो यहूदी वाचविले. त्या दाखल्यावर तटस्थ राष्ट्राचा शिक्का होता, म्हणून त्या कागदास वजन होते. जानेवारी १९४५ मध्ये रशियन सैन्याने त्यास धरून नेले, तो परत आला नाही.

तटस्थाचा असाच उपयोग पुढे कोरियात झाला. १९५३ साली तेथील युद्ध थांबले तेव्हा मायदेशी परत जाण्यास नाखूष असलेले बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी होते. त्यांस विचारून निवाडा कोणी करावा? लढणाऱ्यांपैकी कोणावरही दुसऱ्याचा विश्वास नव्हता. मग तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले; त्यात स्वीडन व स्वित्झर्लंड एका बाजूस, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या बाजूस, आणि अध्यक्षपदी हिंदुस्थान. कैद्यांच्या छावण्या सांभाळणाऱ्या हिंदी फौजेचे सेनापती आपले कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात होते. दोन्ही पक्षांच्या शिव्या खाऊन ते काम त्या फौजेने पार पाडले. गावात दोन्ही घरांचे पाणी पिणारा एक तरी माणूस उरावा लागतो, नाही तर तंटा मिटविण्यास कोणास बोलवावे?

मग असा उपयोग असलेली तटस्थता स्वीडनने का टाकली? ह्याचे उत्तर १९४९ पासून शोधावे लागेल. नॉर्वे व डेन्मार्क त्या साली नाटोत गेले. त्यांची तटस्थता जर्मनीने पायदळी तुडविली होती, म्हणून त्यांचा तिजवर विश्वास राहिला नव्हता. स्वीडन बाहेर राहिला. आपण गेलो तर रशिया फिनलंडवर अधिक दडपण आणील, हेही त्याचे एक कारण होते. परंतु आपल्या राखणीसाठी त्याने मोठे सैन्य व स्वतःच्या कारखान्यांची विमाने बाळगली, आणि आतून पाश्चात्य राष्ट्रांशी गुप्त सल्लामसलत ठेवली. ही गुप्त तयारी १९९४ साली सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने उघड केली, तेव्हा पुष्कळ स्वीडिश नागरिकांस धक्का बसला. दिवसा दोघांस हात जोडणारा शेजारी रात्री मागील दाराने एकाशी बोलत होता, असे दिसून आले. सोव्हिएत राज्य मोडल्यावर त्या देशाने सैन्य इतके कमी केले की २००५ साली गोटलंड ह्या समुद्रातील मोठ्या बेटावरून कायमची पलटण उठविली. तटस्थास इतरांपेक्षा अधिक शस्त्रे लागतात, कारण त्याच्या मदतीस येण्यास कोणी बांधलेला नसतो; हे शांततेच्या दिवसांत विसरले गेले.

त्यानंतर युक्रेनची गोष्ट घडली. युक्रेनने २०१० साली कायदा करून आपण कोणत्याही लष्करी गोटात जाणार नाही असे ठरविले होते. तो कायदा चालू असतानाच २०१४ साली रशियाने क्रिमिया घेतला. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने लेखी मागणी केली की, नाटोने ह्यापुढे नवे सभासद घेऊ नयेत. स्वीडनला तोवर नाटोत जावयाचेच नव्हते. तरी ही मागणी त्यास झोंबली. मी होऊन कोणाच्या घरी जात नाही, ही गोष्ट निराळी. आणि तू कोणाच्याही घरी जाता कामा नये असे शेजाऱ्याने बजावणे, ही गोष्ट निराळी. पहिलीत स्वातंत्र्य आहे, दुसरीत मिंधेपणा आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर मोठी स्वारी झाली. मार्चमध्ये पंतप्रधान माग्दालेना आंदेरसोन म्हणत होत्या की, आपण नाटोत जाण्याने अस्थिरता वाढेल. १८ मे रोजी त्यांच्याच सरकारने फिनलंडबरोबर अर्ज दिला. फिनलंडची रशियाशी १,३०० किलोमीटरांहून लांब सीमा आहे; त्याने तटस्थता टाकली, म्हणजे १९४९ साली स्वीडनला मागे ओढणारे एक कारणही संपले. तुर्कस्तान व हंगेरी ह्यांच्या हरकतींमुळे अर्ज दीड वर्षाहून अधिक काळ रखडला, ती हकीकत येथे नको.

आमच्या मते स्वीडनने शांततेचे प्रेम टाकले नाही, कारण त्याची तटस्थता त्या प्रेमावर उभी नव्हतीच. ती दोन खांबांवर उभी होती: शेजारी आपला शब्द मानील हा भरवसा, आणि न मानल्यास त्यास ते महाग पडेल एवढे आपले बळ. बळ त्याने आपल्या हातांनी कमी केले होते. भरवसा युक्रेनमध्ये गेला. ह्याबद्दल त्यास दोष देणे आम्हांस कठीण वाटते. तरी एक हानी झाली, ती आम्ही लपवीत नाही. कोरियातल्यासारखा प्रसंग उद्या रशिया व पाश्चात्य राष्ट्रे ह्यांच्यामध्ये आला, तर कैद्यांस विचारण्यास स्वीडनचा माणूस आता बसू शकणार नाही.

स्वित्झर्लंड अद्याप तटस्थ आहे. त्याची तटस्थता १८१५ साली मोठ्या राष्ट्रांनी मान्य केली, तिच्या छायेत १८६३ साली जिनिव्हा येथे रेडक्रॉसचा उगम झाला. आणि त्याच देशाने ऑगस्ट १९४२ मध्ये आपली सीमा बंद करून आश्रयास आलेल्या यहूदी लोकांस परत लोटले. २८ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याने युरोपियन संघाचे रशियाविरुद्धचे आर्थिक निर्बंध स्वीकारले. परंतु त्याच वर्षी जर्मनीने पूर्वी त्याच्याकडून विकत घेतलेला तोफांचा दारूगोळा युक्रेनला देण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती त्याने नाकारली. त्या दारूगोळ्याने युक्रेन आपल्या शहरांवर येणारी विमाने पाडणार होते. कायद्याप्रमाणे स्विस सरकारचे उत्तर बरोबर होते. त्या उत्तराविषयी स्विस लोकांतच मोठा वाद माजला.